म, प, ग, ध

गोठिवलीत, आमच्या गच्चीवर
मी ब्यांजोच्या तारा बदलत होतो.
दर्शितानं, भावाच्या मुलीनं,
एक इअरफोन माझ्या कानात खोचला:
‘ऐक काका. जपानी.’

सुरुवात अशी नव्हतीच.
आमच्यात आधी नमन, गावदेवीचं नाव,
हे थेट धृपदावरच उडी मारून घरात शिरलं
चपला न काढता.
मागे गिटार, व्हायलिनांचा घोळका, घंट्या, ड्रमची घाई,
लग्नघरात सगळे पाहुणे एकदम बोलतात तसं,
आणि तरी प्रत्येकाचं नीट ऐकू येत होतं.
पोरीचा आवाज सरळ, धुतलेल्या काचेचा.
मुरकी नाही, मींड नाही. आणि शब्द केवढे!
करंदी सोलावी तसा एकेक,
प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर,
कुणी कुणाच्या अंगावर रेलत नाही.
मध्येच ‘माय हार्ट’ आलं, तेही इतकं मोडून
की मला आमच्या पार्टीचं ‘हॅपी बड्डे’ आठवलं.
बरं वाटलं.

‘काय म्हणते ती?’
दर्शिता वाशीला क्लासला जाते, डिसेंबरात परीक्षा.
थांबवत, मागे नेत, तिनं एक ओळ लावली:
काल तुझ्या घराखालून सायकलनं गेले.
घंटी वाजवली नाही.

बस्स?
एवढ्या धावत्या ठेक्यावर एवढंच?
ह्यावर तर वरात काढता येईल.

मग मी बोटांनी शोधलं. शिकलेलो नाही,
कानानंच वाजवतो.
गाण्याच्या तळाशी चार सूर: म. प. ग. ध.
पुन्हा म. पुन्हा प.
अंगणात येतं, पायरी चढतं, कडीला हात लावतं
आणि शेजारच्या दाराकडे वळतं.
सा नाहीच.
‘आगो, यो गाना घरा कवा येल?’
ती हसली. ‘तेच तर, काका.’

रबाळ्याच्या बाजूला डेटा सेंटरचे पंखे
रात्रंदिवस एकच सूर धरून असतात,
काळी दोनच्या आसपासचा.
तिथं आमचे बारा गुंठे होते.
आता तिथून सा येतो, फुकट.

शेवटी तर कहर. धृपद तिसऱ्यांदा आलं
आणि आख्खं गाणं एक पट्टी वर चढलं, न विचारता.
वाजवणाऱ्याला विचारा पट्टी बदलणं म्हणजे काय:
तारा पिळाव्या लागतात, एखादी तुटते,
तोवर नवरदेव मांडवात पोचलेला असतो.

दर्शितानं मग एक फोटो दाखवला.
लाकडी खोकं, टाइपरायटरसारखी बटणं, तारा.
‘हे तुझंच. शंभर वर्षांपूर्वी तिकडेच निघालं.
नागोयाला.’
मी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे ह्याच्याकडे.
उल्हासनगरहून आणलेलं, वर सनमायका,
बटणांवर व्हाइटनरनं आकडे.
तीस वर्षं हळदी वाजवल्या ह्याच्यावर.
एकदाही बोललं नाही कुठलं ते.

शनिवारी तळवलीला हळद होती.
दोन गाण्यांच्या मध्ये मी ते चार सूर टाकले.
नाचणाऱ्यांचे पाय अर्धे हवेत.
ताशावाला हेमदेव डोळे वटारून,
‘दादा, ये ना परत!’
मी अजून एक फेरी मारली.
नवरीची आई, गालाला हळद, प्लास्टिकच्या खुर्चीत,
हातातलं ताट तसंच धरून
मांडवाच्या बाहेर कुठंतरी बघत होती.
मग सा दिला.
द्यावाच लागतो, सुपारी घेतलेली असते.

जेवणाच्या पंगतीत ती वाढायला आली.
भाकरी ठेवली, वाटीत कालवण ओतलं,
आणि हळूच म्हणाली, ‘मघाशी मधेच ते काय होतं?’
सायकल, म्हटलं.
गेली.